ध्वज उतरल्यानंतरचे कर्तव्य



महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या तीन दिवशी शासकीय ध्वजारोहण होते. परभणीसह साऱ्या मराठवाड्यात चौथाही दिवस आहे, १७ सप्टेंबर. हा दिवस सहजासहजी मिळालेला नाही. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेने तिरंगा स्वीकारला आणि १५ ऑगस्टला तो देशभर डौलाने फडकला. परभणी जिल्हा मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तेथे तिरंगा फडकवण्यास मनाई होती. त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. तेरा महिन्यांच्या संघर्षानंतर १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले.

ज्या ध्वजासाठी येथील माणसांनी तुरुंगवास पत्करला, तो ध्वज १६ ऑगस्टच्या सकाळी रस्त्याच्या कडेला पडलेला दिसावा, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. टाकणाऱ्याच्या मनात बहुधा द्वेष नसतो. पुढे काय करावे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. घरोघरी ध्वज उभारण्याची मोहीम २०२२ साली सुरू झाल्यापासून तर हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाचा झाला आहे.

भारतीय ध्वजसंहिता २६ जानेवारी २००२ पासून लागू आहे. ध्वज झपाट्याने चढवावा, सावकाश व सन्मानाने उतरवावा, केशरी पट्टा सदैव वर असावा, ध्वजाचा स्पर्श भूमीला वा पाण्याला होऊ नये, फाटका वा मळलेला ध्वज लावू नये, हे नियम अनेकांना ठाऊक असतात. घडी घालताना केशरी व हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडावा आणि अशोकचक्र वर दिसेल अशी घडी तळहातांवर घेऊन जागेवर ठेवावी.

ध्वज जीर्ण झाला की खरी अडचण येते. कोणी तो पेटीच्या तळाशी ठेवून विसरतो, कोणी त्याचे फडके करतो, तर कोणी देवाच्या जुन्या तसबिरींप्रमाणे गंगाखेडला गोदामाईत सोडतो. संहितेचे सांगणे स्पष्ट आहे : असा ध्वज संपूर्ण स्वरूपात, खासगीरीत्या, शक्यतो अग्नीत किंवा त्याच्या प्रतिष्ठेला साजेशा अन्य रीतीने नष्ट करावा. कागदी ध्वजांनाही हाच मान आहे.

‘राष्ट्रध्वज जाळायचा?’ या विचाराने मन कचरते. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी वा लोकांच्या नजरेसमोर ध्वज जाळणे हा अपराधच आहे आणि त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. म्हणूनच संहिता एकांत सांगते. आपल्या संस्कृतीत अग्नी हा अंत्यसंस्कारही आहे. ज्याने आयुष्यभर सेवा केली, त्याला आपण उकिरड्यावर टाकत नाही; अग्नीच्या स्वाधीन करतो. ध्वजाचा निरोपही तसाच असावा. तेथे घोषणा नकोत, छायाचित्रे नकोत. स्वच्छ जागी घडी घातलेला ध्वज अग्नीत अर्पण करावा, क्षणभर स्तब्ध उभे राहावे आणि राख मातीत मिसळावी.

३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने पॉलिस्टरच्या व यंत्रावर बनलेल्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. खादीची राख होते. पॉलिस्टर मात्र वितळते व त्याचा धूर अपायकारक असतो. पॉलिस्टरचे किंवा रस्त्यावर सापडलेले ध्वज गोळा करून सन्मानाने तहसील कार्यालयाकडे सोपवणे श्रेयस्कर. नवा ध्वज घेताना खादीचाच घ्यावा. शेजारच्या नांदेडमध्ये मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तो तयार करते. त्यासाठी दूर जावे लागत नाही.

येत्या १६ ऑगस्टला आणि १८ सप्टेंबरला प्रत्येक वस्तीतील चार तरुणांनी सकाळचा एक तास द्यावा. शाळेचे मैदान, बसस्थानक, बाजारपेठ येथे फिरून पडलेले ध्वज उचलावेत. मुलांना सोबत न्यावे. ध्वज उचलण्यासाठी वाकलेले मूल तो पुन्हा कधी टाकणार नाही.

भारतमाता की जय!