एका वर्षाची खुर्ची



मला आज नेतृत्वावर बोलायला सांगितलंय. मी ३१ वर्षं पायदळात काढली. निवृत्तीनंतर महूलाच घर केलं. आमच्याकडे इंदूर-महू भागात मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे भाषेची आबाळ झाली नाही. पण आजचं बोलणं फौजेबद्दल कमी आणि त्यानंतरच्या एका वर्षाबद्दल जास्त आहे.

गेल्या वर्षी एका देशव्यापी सेवाभावी जाळ्यात मध्य भारताची जबाबदारी माझ्याकडे होती. संस्थेचं नाव घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते अशा बहुतेक संस्थांना लागू पडतं. शहराशहरांत व्यापारी, डॉक्टर, सीए, निवृत्त बँकवाले असे गट असतात. ते स्वतःच्या खिशातले पैसे घालतात, कंपन्यांचा सीएसआर निधी मिळवतात आणि शाळा-दवाखान्यांना मदत करतात. पदं एका वर्षाची. १ एप्रिलला हार, ३१ मार्चला निरोप.

तर प्रश्न असा, की ज्याच्या हातात फक्त बारा महिने आहेत त्याने करायचं काय?

आधी एक साधी गोष्ट. फौजेत हुकमामागे कायदा असतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकत्र काढलेली वर्षं असतात. इथे समोरचा माणूस रविवारी दुकान बंद ठेवून आलेला असतो. त्याला हुकूम देता येत नाही. "अमुक शाळेत अमुक तारखेला दोन तास लागतील, तुम्ही याल का?" असं नेमकं विचारलं तर तो येतो. "सगळ्यांनी योगदान द्यावं" असं मोघम आवाहन केलं की कोणी येत नाही. काम लहान, तारीख ठरलेली आणि आभार त्याच दिवशी. या बाबतीत मला याहून मोठं शहाणपण सापडलं नाही.

आता मुद्द्याकडे येतो.

पहिल्या दोन महिन्यांत मी जुनी कामं पाहत हिंडलो. एका सरकारी शाळेत पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र होतं. भिंतीवर संगमरवरी पाटी, देणगीदारांची नावं, अनावरणाची तारीख. यंत्रावर कापड घातलेलं आणि त्या कापडावर हजेरीपटांचा गठ्ठा. मुलं बाहेरच्या हापशावर पाणी पीत होती. मी मुख्याध्यापिका बाईंना विचारलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, यंत्र देणारे दरवर्षी भेटतात. फिल्टर बदलून देणारं कोणी भेटत नाही."

पुढे आणखी ठिकाणी तेच दिसलं. कुठे शिलाई मशीन होती, पण शिकवणाऱ्या ताईंचं मानधन थांबलेलं. कुठे शौचालय बांधलेलं, पण पाण्याची टाकी रिकामी. कोणी पैसे खाल्ले होते असं नाही. ज्याने काम केलं त्याचं वर्ष संपलं, आणि पुढच्याने स्वतःचं नवीन काम काढलं, इतकंच.

मी आमच्या बैठकीत प्रस्ताव मांडला, की यंदा नवीन काम एकही घ्यायचं नाही. आधीची बंद पडलेली कामं चालू करायची.

विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. एका ज्येष्ठ सदस्यांनी सरळ विचारलं, "कर्नलसाहेब, दुसऱ्याच्या नावाच्या पाटीखाली आम्ही पैसे का घालायचे?" एका गटाने तर त्या वर्षी निधीच दिला नाही. त्यांचं म्हणणं होतं, की देणगीदाराला दाखवायला काहीतरी लागतं. फिल्टरचा फोटो कोण छापणार?

मी त्यांना पोलिओचं उदाहरण दिलं. तेच तुम्हालाही सांगतो.

रोटरीने १९८५ साली पोलिओविरुद्धची जागतिक मोहीम हाती घेतली. तिथेही अध्यक्ष दरवर्षी बदलतो. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला. आपल्याकडे १९९५ पासून देशभर पल्स पोलिओ सुरू झालं. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रोटरी, सगळे त्यात होते. रविवारी बूथ, मग घरोघरी फेरी. डोस दिलेल्या बाळाच्या करंगळीला शाई आणि राहिलेल्या घरावर खडूने खूण, म्हणजे पुन्हा यायचं. रेल्वेस्टेशनवर आणि बसस्टँडवरही डोस दिले जात. बिहारमध्ये कोसीच्या पुराच्या पट्ट्यात नावेतून लस गेली. पश्चिम उत्तर प्रदेशात घरचे नको म्हणाले, तेव्हा मोहल्ल्यातल्या मौलवींनी समजूत घातली.

आणि एवढं करूनही २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण निघाले. त्या वर्षी कुठल्याही देशापेक्षा जास्त. विचार करा, त्या वर्षी पदावर असलेल्या माणसाला किती सहज म्हणता आलं असतं, की २४ वर्षं झाली, आता विषय बदलूया. तसं झालं नाही. २०१० मध्ये नवीन प्रकारची तोंडावाटे द्यायची लस आली आणि रुग्ण ४२ वर आले. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी, पश्चिम बंगालमधल्या हावड्यात आढळला. २७ मार्च २०१४ ला आपल्या विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

१९८५ ते २०१४, म्हणजे २९ वर्षं. या काळात किती अध्यक्ष आले आणि गेले! पोलिओ संपवला असं त्यांतल्या एकालाही एकट्याने म्हणता येणार नाही. मधल्या कुणी हात काढून घेतला असता तर मात्र तो उरला असता.

हे ऐकून सगळ्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. पण बहुमत झालं. वर्ष तसंच गेलं. फिल्टर बदलले, टाकीला मोटर बसवली, शिवणकामाचा वर्ग पुन्हा भरला. वार्षिक अहवालात "नवीन उपक्रम" हा आमचा रकाना कोरा होता, आणि बक्षीस अर्थातच दुसऱ्या विभागाला गेलं.

यातून एक पद्धत हाती आली. फौजेत एक अधिकारी बदलून दुसरा येतो, तेव्हा हँडिंग-टेकिंग होतं. कोतमधली हत्यारं मोजली जातात, भांडारातला माल तपासला जातो, मग सही. आम्ही प्रत्येक कामासाठी तसा एक कागद केला. त्यावर चार गोष्टी: काय दिलं आहे आणि कुठे आहे, तिथला जबाबदार माणूस कोण, ते चालू ठेवायला वर्षाला किती पैसे लागतात, आणि आज त्यात काय बिघडलेलं आहे. चौथी गोष्ट लिहायला लोक कचरतात. पण पुढच्याच्या सगळ्यात उपयोगाची तीच.

जबाबदार माणूस आपल्यातला असून चालत नाही. पलटणीत अधिकारी येतात-जातात, पण जवानांना वर्षानुवर्षं ओळखणारे सुभेदार मेजरसाहेब तिथे असतात. गावात ती जागा अंगणवाडी ताईंची, आशाताईंची किंवा शाळेच्या शिपाईमामांची. त्यांना विचारल्याशिवाय आम्ही कागदावर कोणाचं नाव घातलं नाही.

पैशाचंही तेच. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. मार्च जवळ आला की धावपळ होते आणि एखादी वस्तू घेऊन मोकळं व्हावंसं वाटतं. पण हाच कायदा चालू प्रकल्पाला सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत मुभा देतो. कंपनीशी बोलताना यंत्राच्या किमतीसोबत पुढच्या तीन वर्षांची देखभालही मागा. बऱ्याचदा आपण मागतच नाही, म्हणून मिळत नाही.

हे ऐकणाऱ्यांपैकी कोणी सोसायटीचे सचिव असतील, कोणी महाराष्ट्र मंडळाचे अध्यक्ष, कोणी एखाद्या ट्रस्टवर. पद घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात दोन कामं करा. आधीच्या पदाधिकाऱ्याच्या घरी जाऊन चहा घ्या आणि काय अर्धवट राहिलंय ते विचारून लिहून घ्या. मग तुम्हीच केलेल्या तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या कामावर, कोणाला न कळवता, एक चक्कर मारा. तिथे जे दिसेल त्यावरून तुमचं वर्ष ठरवा.

माझ्या जागी आता इंदूरच्या एक डॉक्टरबाई आल्या आहेत. मी कागदांची फाईल दिली तेव्हा त्यांनी प्रत्येक पान वाचलं, दोन ठिकाणी खुणा केल्या आणि म्हणाल्या, "यातलं काय बिघडलंय ते आधी बघून येते. सही नंतर."

मला असाच उत्तराधिकारी हवा होता.

जय हिंद.