फेसाचं पाणी आणि काळी माती
(स्वागताध्यक्षीय भाषण)



 तांब्याच्या खाणीचं पाणी मातीनं स्वच्छ करण्यावरच्या, नंदुरबारला भरलेल्या या परिषदेचं स्वागताध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं तेव्हा घरात पहिला प्रश्न आला, ‘आपल्याकडे तांब्याची खाण आहे कुठं?’ नाहीच. ती पार गोंदियापलीकडे, मलाजखंडला. तांब्याचं खनिज दळून, पाण्यात झँथेट नावाचं रसायन घालून फेसावर तरंगवतात आणि मागे उरलेलं पाणी माशांच्या जिवावर उठतं, एवढं मला इथल्या प्राध्यापकांनी समजावलं. ते झँथेट बेंटोनाइट नावाच्या मातीनं शोषायचं, पण मातीच्या कणावरही ऋणभार, झँथेटवरही ऋणभार. त्यामुळे आधी मातीवर दुसऱ्या रसायनाची प्रक्रिया करावी लागते. सोयरीक जुळवायला मध्यस्थ लागतो, तसंच हे!

आता माती म्हटली की आम्ही मागे हटत नाही. तुमच्या बेंटोनाइटमधली चिकणमाती ज्या जातीची, त्याच जातीची आमच्या तापीकाठच्या काळ्या रानात. उन्हाळ्यात तिला पाय अडकतील एवढ्या भेगा पडतात.

ही झाली माती; आता इथली माणसं. याच गावात 9 सप्टेंबर 1942 रोजी बालवीर शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारात हुतात्मा झाले. माणिक चौकातल्या स्मारकापुढे प्रत्येकानं डोकं टेकवूनच परत जावं. देशातलं पहिलं आधार कार्डही आमच्या टेंभलीत दिलं गेलं, 2010 साली. पण मला सांगायचंय ते तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांबद्दल. 1938 मध्ये ते गेले. त्याआधी दर सोमवारच्या आरतीला सातपुड्यातून हजारो आदिवासी पायी यायचे. दारू सोडा, रोज अंघोळ करा, एकमेकांना ‘आप’ म्हणा, एवढीच शिकवण. स्वच्छ पाण्याच्या परिषदेत त्यांचा फोटो हवाच, असा हट्ट मी धरला. विषयाशी संबंध काय, असं समितीत कुणीतरी विचारलं; मी ऐकलं नाही.

सोयींत उणिवा आहेत. काही पाहुण्यांना शाळेच्या खोल्यांत उतरावं लागलंय, गरम पाणी सात वाजेपर्यंतच मिळेल, आणि वारा फिरला तर मिरची वाळवण्याच्या पथारीवरून इथवर ठसका येईल. तो मात्र आमच्या गावचा मान समजून सहन करावा. मंडप देणारे मिरची व्यापारी, दादर ज्वारीच्या भाकरीसाठी पोती पाठवणारे शेतकरी, धडगावहून आमचूर आणणारे बचतगट, पाण्याचे जार फुकट पुरवणारे तरुण मंडळ, सर्वांचे ऋण मोठे. कुणाचा उल्लेख राहिला असेल तर त्यांनी जेवणाच्या पंगतीत मला जरूर सुनवावं.

प्रकाशा गावाला जाणारी बस दुपारी तीनला मंडपामागून सुटेल. आता अध्यक्षांना विनंती करतो, त्यांनी परिषदेचं उद्घाटन करावं.