दिवाळी ते संक्रांत



दिवाळीचा फराळ संपला की मार्गशीर्ष येतो. चंपाषष्ठीला तळी उचलून खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, पुढे पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, मग भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी. हे सारे मला सासूबाईंनी शिकविले. मामंजी गेले, आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या स्वयंपाकघरात बसू लागल्या. जिने रीत शिकविली तिलाच रीतीने दूर सारावे काय?

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपणही यंदा पहिले वाण घरातील थोरल्या बाईला द्यावे, ती विधवा असली तरीही. मी ते सासूबाईंना देणार आहे. आपण सर्वजणी अवश्य या.