शिक्षणाचा हक्क आणि एकतेची कसोटी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)



‘एकता’ हा शब्द सत्ताधाऱ्यांना प्रिय असतो, तसाच शोषितांनाही. सत्ताधाऱ्यांच्या लेखी एकता म्हणजे एकसारखेपणा. शोषितांच्या लेखी ती भिन्न माणसांची बरोबरी असते. या दोन अर्थांतील अंतर इराणमधील बहाई समाजाच्या इतिहासावरून ध्यानात येते.

बहाउल्ला (१८१७–१८९२) हे या धर्माचे संस्थापक. समस्त मानवजात एक आहे आणि तिच्यातील वैविध्य हे तिचे वैभव आहे, ही त्यांची मूळ शिकवण. मुलगा असो वा मुलगी, अपत्याला शिक्षण देणे हे त्यांनी पित्याचे धर्मकर्तव्य ठरविले. त्यांचे पुत्र अब्दुल बहा यांनी तर, दोघांना शिकविणे शक्य नसल्यास मुलीला अग्रक्रम द्यावा, असे सांगितले. ज्या धर्मात पुरोहितवर्ग नाही आणि सत्याचा शोध प्रत्येकाने स्वतः घ्यावयाचा आहे, तेथे साक्षरता ऐच्छिक राहूच शकत नाही.

तेहरानमधील बहाईंच्या ‘तरबियत’ शाळांत अन्य धर्मीयांची मुलेही शिकत. बहाई स्मरणदिनी शाळा बंद ठेवल्याच्या कारणावरून १९३४ साली सरकारने त्या बंद केल्या. तेव्हाचे राज्यकर्ते रझा शाह आधुनिकतेचे पुरस्कर्ते होते! भिन्नतेचे भय केवळ धर्मपीठालाच वाटते असे नव्हे.

१९७९ साली राजेशाही कोसळली. परंतु नव्या राजवटीत बहाई विद्यार्थी व प्राध्यापक विद्यापीठांतून काढले गेले, सरकारी नोकऱ्या गेल्या, निवृत्तिवेतने थांबली. जून १९८३ मध्ये शिराझ येथे दहा बहाई स्त्रियांना फाशी देण्यात आली. त्यांतील मोना महमूदनिझाद सतरा वर्षांची होती. मुलांचे वर्ग घेणे हा तिच्यावरील आरोपांपैकी एक. १९९१ च्या एका गोपनीय सरकारी आदेशानुसार, विद्यार्थी बहाई असल्याचे उघड होताच त्याला विद्यापीठातून काढावयाचे होते. धर्म नाकारा आणि पदवी घ्या, असा हा सौदा.

बहाईंचे जागतिक केंद्र इस्रायलमधील हैफा येथे आहे, म्हणून ते साम्राज्यवाद्यांचे हस्तक, असा प्रचार होतो. साम्राज्यवादविरोधाच्या नावाखाली केलेला हा आरोप आपण तपासून घेतला पाहिजे. बहाउल्लांना तुर्की साम्राज्याने कैदी म्हणून जवळच्या अक्का शहरात आणले ते १८६८ साली. इस्रायलचा जन्म १९४८ चा!

या समाजाने हाती शस्त्र घेतले नाही. १९८७ साली, विद्यापीठांतून काढलेल्या प्राध्यापकांच्या साहाय्याने त्याने स्वतःची उच्च शिक्षणसंस्था उभारली. वर्ग घराघरांत भरले. १९९८ साली धाडी पडल्या, पुस्तके व साहित्य जप्त झाले. २०११ साली पुन्हा धाडी पडल्या, अध्यापकांना तुरुंगवास झाला. तरीही अध्यापन थांबले नाही.

बहाई पक्षीय राजकारणापासून दूर राहतात. संघटित राजकीय लढ्यावाचून विषमता हटेल, हे समाजवाद्यांना पटणारे नाही. हा मतभेद खरा आहे आणि तो राहील. परंतु शिक्षणाचा हक्क मतैक्यावर अवलंबून ठेवला, तर तो हक्क उरत नाही. ती राज्यकर्त्यांची मेहेरबानी ठरते. सार्वजनिक विद्यापीठ सर्वांच्या श्रमावर उभे असते. त्याच्या दारात श्रद्धेची झडती घेणारे राज्य, मग ते कोणताही झेंडा मिरवो, समतेचे राज्य नव्हे. जे आपल्या मताचे नाहीत त्यांच्या हक्कासाठी आपण उभे राहतो की नाही, यावरच आपल्या समतेची परीक्षा होणार आहे.