प्रश्न विचारणाऱ्यांचं स्वागत



स्वागताध्यक्ष या नात्याने यवतमाळ जिल्ह्याच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करतो. हा जिल्हा कापसाचा. वणीत जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांचा. कळंबच्या चिंतामणीला दूरदूरहून भाविक येतात तो हा मुलूख. 1973 साली ग. दि. माडगूळकरांच्या आणि 2019 साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं. विचार ऐकायला आणि विचाराला विचाराने उत्तर द्यायला हे गाव तयार असतं, याची खात्री बाळगा.

आपल्या परिषदेचा विषय इथं उपरा नाही. फ्री मेथॉडिस्ट मिशनने फार पूर्वी यवतमाळला आपलं केंद्र केलं. शाळा निघाल्या, पांढरकवड्याकडच्या उमरीला दवाखाना झाला. इथल्या बायबल शाळेच्या कामातूनच 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. 1983 मध्ये ती पुण्याला बिबवेवाडीत गेली, पण मधली तीस वर्षं ईशान्येकडच्या डोंगरांपासून केरळपर्यंतची तरुण मुलं यवतमाळात येऊन ग्रीक आणि हिब्रू शिकली, उन्हाळे सोसले आणि इथल्या गावांमधून सेवा करून आपापल्या प्रांतात परतली. येशू ख्रिस्त देव कसा आणि माणूस कसा, या प्रश्नावर या शहरात पिढ्यान्पिढ्या अभ्यास झाला आहे. आपण तोच अभ्यास पुढे नेतो आहोत.

मित्रहो, हा प्रश्न जुना आहे. अलेक्झांड्रियाच्या आरियसने म्हटलं की पुत्र थोर खरा, पण तो निर्माण केलेला आहे. एके काळी तो नव्हता. त्यावर मंडळीत वादळ उठलं आणि 325 साली निकाया इथं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावी, बिशपांची परिषद बसली. पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, असं तिने ठरवलं. 2025 मध्ये त्या निर्णयाला 1700 वर्षं पूर्ण झाली. त्यानंतर उलट बाजूने प्रश्न आला. तो खरा देव असेल, तर मग खरा माणूस कितपत? अपोलिनारिस म्हणाला, देह माणसाचा, मन मात्र देवाचं. मंडळीने तेही नाकारलं. नाझियान्झच्या ग्रेगरीचा युक्तिवाद मला आजही पटतो: माणसाचं जे जे ख्रिस्ताने आपलंसं केलं, तेच बरं झालं, माणसाचं मन त्याने घेतलंच नसेल, तर आपल्या मनाला वैद्य नाही. शेवटी 451 साली खाल्सेदोनच्या परिषदेने मर्यादा आखून दिली. व्यक्ती एक, स्वभाव दोन. त्यांची सरमिसळ नाही, त्यांच्यात बदल नाही, त्यांची फाळणी नाही, त्यांची ताटातूट नाही.

ही चारही 'नाही' आहेत, याकडे मी आपलं लक्ष वेधतो. दोन स्वभाव एकत्र कसे नांदतात, हे त्या परिषदेने समजावून सांगितलं नाही. कुठल्या वाटेने गेलं तर आपण ख्रिस्ताला गमावून बसू, एवढंच सांगितलं. हे शब्द सगळ्यांना मान्य झाले नाहीत. इजिप्तच्या कॉप्टिक, आर्मेनियन आणि सीरियन मंडळ्या वेगळ्या राहिल्या. केरळातल्या मलंकर ऑर्थोडॉक्स मंडळीचा वारसाही त्याच परंपरेतला. ती दरी दीड हजार वर्षं टिकली. 1973 साली रोमचे पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक मंडळीचे पोप तिसरे शनौदा यांनी एका संयुक्त निवेदनावर सही केली: आपण दोघेही एकाच ख्रिस्ताला परिपूर्ण देव आणि परिपूर्ण माणूस मानतो. ज्यावरून घरं तुटली, त्यावर धीराने बोललं तर घरं जुळतातही. परिषदा याचसाठी असतात.

आता मराठीकडे येतो, कारण ख्रिस्ताचं हे दुहेरी रूप मराठीने आपल्या पद्धतीने पेललं आहे. 1579 मध्ये गोव्याला आलेले फादर थॉमस स्टीफन्स साष्टीत राहिले, इथल्या लोकांची भाषा शिकले आणि 1616 साली त्यांचं 'ख्रिस्तपुराण' राचोलला छापून निघालं. रोमी लिपीतल्या सुमारे अकरा हजार ओव्या! पुराण ऐकत वाढलेल्या माणसांना त्यांनी पुराणच दिलं. सृष्टीच्या आरंभापासूनचा देव आणि बेथलेहेमच्या गव्हाणीतलं मूल, दोघांची कथा एकाच ओवीच्या चालीत आली. तीन शतकांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभलं. 1919 मध्ये ते गेले आणि काम अर्ध्यावर राहिलं. पुढचे बहुतेक अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईंना कधी शाळा मिळाली नाही, त्यांनी प्रभूचं चरित्र ओवीत पुरं करत आणलं. 1933 साली नागपूरला भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. विदर्भाने त्यांचा केलेला तो सन्मान आपण विसरता कामा नये.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथं 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. ज्यांना महानुभाव पंथ परमेश्वराचा अवतार मानतो, त्या चक्रधरस्वामींचं जेवणं, निजणं, वाट चालणं, कुणाच्या ओसरीवर टेकणं हे सारं त्यात जिव्हाळ्याने नोंदलेलं आहे. देवाला माणसाच्या वागण्यातून ओळखायचं असतं, हे या मातीला ख्रिस्ती मिशन येण्याच्या शेकडो वर्षं आधी ठाऊक होतं. महानुभाव बांधवांची श्रद्धा आणि आमची श्रद्धा एकच आहे, असं मी म्हणत नाही. ख्रिस्ती विश्वास सांगतो की देवाचा पुत्र एकदाच देहधारी झाला, वधस्तंभावर खरोखर मेला, उठला आणि घेतलेलं माणूसपण त्याने पुन्हा टाकून दिलं नाही. फरक मोठा आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. पण ज्या श्रोत्यांसमोर तो सांगायचा, ते कोरे नाहीत. आदराने बोललो तर ते आपलं म्हणणं आपल्यापेक्षा चांगलं समजतील.

या विषयावर मराठी माणसांपैकी सर्वांत धारदार प्रश्न कोणी विचारले, असं मला विचाराल तर मी पंडिता रमाबाईंचं नाव घेईन. 1867 साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजातल्या अनेकांना येशूची शिकवण पूज्य होती, देवत्व मान्य नव्हतं. पण ते बाहेरून बोलत होते. रमाबाई आत येऊन बोलल्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकता-शिकवताना त्यांनी आपल्या आध्यात्मिक माता सिस्टर जेराल्डिन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांना पत्रं लिहिली. ख्रिस्त देवाचा पुत्र हे मी मानते. पण तो पित्यासारखाच देव, हे शास्त्रात कुठं आहे ते दाखवा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. मंडळीने शतकांपूर्वी ठरवलं म्हणून मी मान डोलवणार नाही, ही त्यांची भूमिका होती. अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या विश्वासांगीकारातलं, असं न मानणाऱ्याचा नाश होईल हे सांगणं, त्यांना मान्य नव्हतं. हा पत्रव्यवहार 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. आजच्या तरुण अभ्यासकांनी तो मुळातून वाचावा.

सिस्टर जेराल्डिन यांना त्या पत्रांत गर्व दिसला. मिस बील यांना जिज्ञासा दिसली. त्यांनी रमाबाईंशी तासन्तास वाद घातला, लांबलचक पत्रं लिहिली आणि एवढ्या विद्वान बाईला स्वतःच्या विचाराने सत्याकडे येऊ द्यावं, असा आग्रह धरला. पुढे काय झालं, ते रमाबाईंनीच 1907 च्या आपल्या साक्षीत सांगितलं आहे. ख्रिस्ताचा धर्म आपल्याला सापडला होता, स्वतः ख्रिस्त सापडायचा राहिला होता, हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी उमगलं. त्यानंतर ज्याच्या देवत्वाबद्दल त्या झगडल्या, त्याच्याच पायाशी त्यांनी आयुष्य वाहिलं. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी मुली आणि विधवा गोळा केल्या, केडगावला नेल्या, त्यांना जेवू घातलं, शिकवलं. आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणलं. 1922 च्या एप्रिलमध्ये देह ठेवण्यापूर्वी ते काम हातावेगळं केलं होतं. त्यांना प्रश्न विचारू दिले नसते, तर महाराष्ट्राची मंडळी केवढ्याला मुकली असती!

मित्रहो, एवढी चर्चा करून कापूस वेचणाऱ्या बाईला काय मिळणार, असं कुणी विचारील. विचारलंच पाहिजे. उत्तरासाठी मी आपल्याला योहानाच्या अकराव्या अध्यायात, बेथानी गावाच्या वेशीवर नेतो. लाजर मरून चार दिवस झाले आहेत. येशू अजून गावात शिरलेला नाही. मार्था रस्त्यावरच त्याला गाठते. तुम्ही इथं असता तर माझा भाऊ गेला नसता, असं तोंडावर सांगते. मग मरिया येते, तेच म्हणते आणि रडते. सोबतचे लोक रडतात. आता बघा, भावाला उठवणार आहे हे येशूला ठाऊक आहे. तरीही तो रडतो. काही क्षणांत सुटणाऱ्या दुःखाची तो थट्टा करत नाही, रडणाऱ्या बहिणीला उपदेश करत नाही. त्याच डोळ्यांतलं पाणी सुकण्याआधी तो कबरेपाशी जातो, धोंड बाजूला करायला लावतो आणि मेलेल्याला नावाने हाक मारतो. रडणारा आणि हाक मारणारा एकच आहे. खाल्सेदोनच्या परिषदेला जे सांगायचं होतं, ते सगळं त्या वेशीवर उभं आहे.

आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे गाजलं, हे आपणा सर्वांचं दुःख आहे. 2017 च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन इथल्या शेतकऱ्यांचे आणि शेतमजुरांचे जीव गेले. दिवसभर विषाच्या फवाऱ्यात राबलेल्या माणसाची कातडी, डोळे, श्वास हे धर्माच्या विचारात येतात की नाही? ख्रिस्त खरोखर माणूस झाला असेल, तर येतात. देवाने देह घेतला म्हणजे मजुराच्या देहाची किंमत त्याने कायमची ठरवून टाकली. आणि ख्रिस्त खरोखर देव असेल, तर त्या घरातल्या विधवेला आपण सांत्वनाच्या पलीकडचं काही देऊ शकतो. मरणाचा शब्द शेवटचा नाही, हे तिला ठामपणे सांगू शकतो.

म्हणून एक बाजू पकडून दुसरी सोडणं परवडणार नाही. केवळ देव असलेला ख्रिस्त वेदीवर राहतो आणि त्याची मंडळी नाताळ-ईस्टरपुरती उजळते. शेजारच्या घरी चूल पेटली नाही, हे तिला कळत नाही. केवळ माणूस असलेला ख्रिस्त चांगला समाजसेवक ठरतो, पण त्याच्यापुढे गुडघे टेकता येत नाहीत आणि प्रेताला खांदा देताना त्याच्या मंडळीजवळ बोलायला काही उरत नाही. पुढच्या सत्रांत निबंध वाचले जातील, मतभेद होतील. कॅथलिक, मेथॉडिस्ट, अलायन्स, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अशा वेगवेगळ्या परंपरांची माणसं इथं एका मांडवात बसली आहेत. मतभेद झाले तर ते या विषयाला शोभूनच दिसतील.

स्वागत समितीच्या माझ्या सहकाऱ्यांनी आपल्या मुक्कामाची आणि जेवणाखाण्याची व्यवस्था जिवापाड केली आहे. काही उणं राहिलं तर हक्काने सांगा. भाजी-भाकरीचा पाहुणचार वऱ्हाडी आहे. त्यात प्रेम आहे, ठेचाही आहे.

जाता जाता एक मागणं मागतो. आपल्या मंडळ्यांतली कॉलेजात जाणारी मुलंमुली आज विचारतात, येशू देव कशावरून? आपण पुष्कळदा त्यांना गप्प करतो, विश्वास कमी पडला म्हणतो. इथून परत गेल्यावर तसं करू नका. त्यांच्याजवळ बसा, पवित्र शास्त्र उघडा, उत्तर येत नसेल तर सोबत शोधा. आणि ज्या घरात माणूस गेला असेल, त्या घरी उपदेशाची घाई न करता आधी बसा. या दोन्ही गोष्टी जी मंडळी करील, तिला ख्रिस्ताचे दोन्ही स्वभाव कळले असं मी मानीन. आपणा सर्वांचं पुन्हा एकदा हार्दिक स्वागत करतो आणि परिषदेचं कामकाज सुरू करण्याची अध्यक्ष महोदयांना विनंती करतो.