फ्रेंच क्रियापदांतील गळणारा स्वर

फ्रेंच शिकूं लागलेल्या माणसाची पहिली फजिती क्रियापदांपाशीं होते. ‘सवड असती तर ते काम करते’ ह्यांतील संकेतार्थी क्रियापदाला फ्रेंचमध्यें तब्बल १५ वर्ण खर्ची पडतात. पण पॅरिसचा मनुष्य तें रूप तीन अक्षरांत संपवितो : त्रा–वाय्–रे. अक्षर म्हणजे येथें एका स्वराभोंवतीं गोळा झालेला ध्वनि. शेवटच्या पांच वर्णांचा मिळून एक पसरट ‘ए’ होतो, आणि मधला एक दुबळा स्वर बोलतांना पार नाहींसा होतो. फ्रेंच व्याकरणकार त्याला ‘मुका’ म्हणतात. कोणी ‘गळणारा’ असेंहि म्हणतात, आणि तेंच नांव अधिक खरें.

मराठी माणसानें ह्याचें नवल करण्याचें कारण नाहीं. ‘करवत’ हा शब्द चार अक्षरीं लिहून तो ‘कर्–वत्’ असा दोहोंत उरकतोच. अभंगाचीं अक्षरें मोजतांना मात्र चारहि हिशेबांत धरतो. फ्रेंचांचेंहि तसेंच आहे. राशीनचें ‘फेद्र’ हें नाटक १६७७ सालीं रंगभूमीवर आलें. त्याची ओळ बारा अक्षरांची. अशा ओळींत वरील क्रियापद आलें तर तें त्रा–वा–य–रे असें चार अक्षरांचें होतें. नटानें तेथें स्वर गिळला कीं ओळ लंगडलीच.

परंतु रोजच्या बोलण्यांतहि हा स्वर सरसकट गाळून भागत नाहीं. ‘देणें’ ह्या क्रियापदाचें संकेतार्थी ‘तो’चें रूप दॉन्–रे, दोन अक्षरांचें, पण ‘आम्ही’चें रूप दॉ–न–र्‍यों, आणि तें तीन अक्षरांचें! न, र आणि य एकावर एक आदळूं नयेत म्हणून गळलेला स्वर परत येतो. (दक्षिण फ्रान्सांतील पुष्कळ लोक तो एरवींहि उच्चारतात, ही गोष्ट निराळी.)

याहून नाजूक प्रकार अक्षरें तोडण्याचा. ‘तो प्रेम करीत असे’ हें इ–ले–मे. ‘ते प्रेम करीत असत’ हें इल्–झे–मे. लिहिण्यांत क्रियापदें वेगळीं, ऐकण्यांत अगदीं सारखीं. एक होता कीं अनेक होते, हें केवळ ‘झाडा’तल्या झ-सारख्या त्या ध्वनीवरून ओळखावयाचें, आणि तो ध्वनि सर्वनामाचा असून बसतो मात्र क्रियापदाच्या अक्षरांत.

जोडवर्ण फ्रेंचमध्यें बहुधा एकेरीच उच्चारतात. ‘मरणें’ ह्या क्रियापदाला मात्र ही सवलत नाहीं. मू–रे म्हणजे ‘तो मरत होता’; मूर्–रे म्हणजे ‘तो मरता’. आजाऱ्याची हकीकत सांगणाऱ्याच्या घशांत तो र किती रेंगाळला, एवढ्यावरूनच ऐकणाऱ्यानें समजावयाचें कीं माणूस मरणाच्या दारीं होता, कीं औषध न मिळतें तर मरता.