खडकीच्या मैदानावरचे मोरोपंत



 स्वागताध्यक्षाने कमी बोलावं आणि जेवण वेळेवर द्यावं, एवढीच आपली अपेक्षा असणार. जेवणाची हमी देतो. बोलण्याबाबत थोडी सूट द्या. ईस्ट इंडिया कंपनीशी झालेल्या लढायांतल्या दुहेरी निष्ठांवर पुण्यात परिषद भरवायची आणि मोरोपंत दीक्षितांचं नाव काढायचं नाही, हे बरं दिसत नाही.

दापोडीला फोर्ड नावाच्या इंग्रज अंमलदाराच्या पलटणी होत्या. त्या उभारल्या दुसऱ्या बाजीराव पेशव्यांसाठी, पगारही त्यांच्याच खजिन्यातून. हुकूम मात्र गोऱ्यांचा. पेशव्यांचे कारभारी मोरोपंत आणि हा फोर्ड यांचं चांगलं मैत्र. १८१७ मध्ये युद्ध टळत नाही असं दिसल्यावर मोरोपंतांनी त्याला तटस्थ राहण्याची गळ घातली. तो ऐकेना. तेव्हा त्याच्याकडून आपल्या घरच्यांना सांभाळण्याचं वचन घेऊन मोरोपंत आपल्या धन्याकडे परतले. ५ नोव्हेंबरला खडकीच्या मैदानावर ते जरीपटक्यासह पुढे झाले आणि तोफेच्या गोळ्याने पडले. ती तोफ फोर्डच्याच पलटणीची होती, असं इतिहासकार ग्रँट डफ लिहितो.

बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवणारे बाळाजीपंत नातू पुणेकरांच्या जिभेवर अजून आहेत. शिव्या द्यायला ते सोयीचे पडतात. मोरोपंतांना फितूर म्हणता येत नाही आणि निव्वळ स्वामिनिष्ठ म्हणावं, तर शत्रूशी केलेली ती बोलणी आडवी येतात. म्हणूनच ते विस्मरणात गेले असावेत. आणि पेशव्यांचं मीठ खाऊन त्यांच्यावरच तोफा डागणाऱ्या फोर्डला बेइमान म्हटल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही!

अशी कोंडी फक्त पुण्यातच झाली असं नाही. अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांचा पुढारी कॅप्टन पाइप १७७८ च्या फोर्ट पिटच्या तहात बंडखोर वसाहतींच्या बाजूला होता, पुढे तो इंग्रजांकडे गेला. आपल्याकडेही कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याच्या फेब्रुवारी १८१८ च्या जाहीरनाम्यानंतर बाजीरावांच्या कितीतरी सरदारांना जहागीर की धनी, हा हिशेब मांडावा लागला. तो हिशेब आपण इथे उलगडावा, एवढीच विनंती. पेशवे दप्तर इथून हाकेच्या अंतरावर आहे. मोडी वाचणाऱ्या तरुणांनी तिकडे जरूर वळावं.

उद्या दुपारी खडकी-दापोडीची फेरी आहे. त्या रस्त्यावरची गर्दी पाहता बस कुणासाठी थांबणार नाही, हे स्वागत समितीच्या वतीने आत्ताच सांगून ठेवतो.